फसफसत्या साकेचा उपासक

जपानमधील मद्यप्रेमींच्या अनेक पंथांपैकी सर्वांत अल्पसंख्य, सर्वांत बोलका आणि शेजारी बसलेल्याच्या कपड्यांना सर्वांत धोकादायक पंथ म्हणजे फसफसत्या, जिवंत साकेच्या उपासकांचा होय. तोक्योसारख्या महानगरातील इझाकायांत, म्हणजे मद्याबरोबर लहान लहान ताटल्यांतून खाद्यपदार्थ देणाऱ्या खानावळवजा गुत्त्यांत, या उपासकाचे वास्तव्य संध्याकाळी सातनंतर आढळते. दिवसा तो एखाद्या कचेरीतील पन्नाशीकडे झुकलेला, इस्त्रीच्या सदऱ्यातला कर्मचारी असतो. आगगाडी मिनिटभर उशिरा आली तरी त्याला चुकल्याचुकल्यासारखे होते आणि वरिष्ठ उठण्यापूर्वी आपण उठावे असा विचारही त्याच्या मनाला शिवत नाही. पूर्वसूचनेशिवाय जो कधी शिंकलाही नसेल, असा हा गृहस्थ पूर्वसूचनेशिवाय उसळणाऱ्या बाटलीवर जीव टाकतो, ही त्याच्या स्वभावाची किल्ली मानावयास हवी.

त्याची निष्ठा समजण्यासाठी साकेची घडण थोडी जाणून घेणे आवश्यक आहे. वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. ती तांदळातील पिष्टाची साखर करते आणि त्याच पिपात, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचे मद्य करीत राहते, त्यामुळे ऊर्ध्वपातनाशिवायही मद्यार्काचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचू शकते. सामान्य साके यानंतर गाळून, पाणी मिसळून पंधरा-सोळा टक्क्यांवर आणतात आणि बहुधा दोनदा सुमारे ६५ अंशांपर्यंत तापवतात. या तापवण्याला ‘हिइरे’ म्हणतात व उपासक त्याला खून म्हणतो. त्याला हवी असते ती न तापवलेली ‘नामा’ साके, आणि त्यातही ‘कास्सेई निगोरी’, म्हणजे जाडसर गाळल्यामुळे दुधासारखी गढूळ राहिलेली व बाटलीत भरल्यावरही जिच्यातील यीस्ट वायू सोडीत काम करीतच असते अशी. मुळीच न गाळलेल्या ‘दोबुरोकु’ या खेडवळ प्रकाराविषयीही त्याच्या मनात हळवा कोपरा असून, १८९९ साली सरकारने घरगुती मद्यनिर्मितीवर बंदी घातली ही घटना तो घरातले कोणी कालच वारले असावे अशा स्वरात सांगतो.

या उपासकाचे तीर्थक्षेत्र बहुधा चिबा प्रांतातील कोझाकी हे तोने नदीकाठचे, स्वतःला ‘किण्वनाचे गाव’ म्हणवणारे छोटे नगर असते. तेथील सतराव्या शतकापासून चालत आलेल्या तेरादा होन्के या मद्यशाळेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तत्कालीन प्रमुखाच्या गंभीर आजारपणानंतर, नैसर्गिक पद्धतीची कास धरली. तिची ‘मुसुही’ नावाची साके तांदूळ न घासता, मोड आणलेल्या तपकिरी तांदळापासून होते आणि कमालीची आंबट व चंचल असते. एरवी उंची साकेसाठी तांदळाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग घासून टाकतात, हे लक्षात घेतले म्हणजे या बंडाची जात कळते. मार्चमध्ये तेथे भरणाऱ्या मद्यशाळांच्या उत्सवास उपासक न चुकता जातो आणि परतल्यावर पुढचा मार्च येईपर्यंत त्याविषयी बोलतो.

बाटली उघडण्याचा विधी तो स्वतःच करतो, कारण नोकरमाणसावर त्याचा विश्वास नसतो. झाकण किंचित सैल करावे, फेस गळ्यापर्यंत चढताच पुन्हा आवळावे, तो बसला की पुन्हा सैल करावे, असा क्रम कित्येक मिनिटे चालतो. तेवढ्या वेळात शेजाऱ्याची बीअर संपलेली असते व दुसरी मागवून झालेली असते. अशा वेळी उपासकाच्या चेहऱ्यावर जी कोवळीक दिसते, ती त्याच्या कुटुंबीयांनी क्वचितच पाहिली असावी. घरातल्या दुसऱ्या, केवळ बाटल्यांसाठी घेतलेल्या शीतकपाटाविषयी त्या कुटुंबीयांचे मत येथे नोंदवणे औचित्याला धरून होणार नाही.

मात्र खाद्यपदार्थांची जोड लावण्यात त्याचा अधिकार खरोखर मोठा आहे, आणि येथे विनोदाने थोडे मागे सरणे न्याय्य ठरेल. फ्लाउंडरसारख्या नाजूक माशाच्या कच्च्या कापांबरोबर तो ही साके घेऊ देत नाही, कारण तिच्या आंबटपणापुढे त्या माशाचा आवाज उरत नाही. कोंबडीचे तळलेले तुकडे, म्हणजे कारागे, मात्र तो आनंदाने मागवतो. तेलाचा थर बुडबुडे व आम्लता मिळून जिभेवरून उतरवतात आणि पुढचा घास पहिल्या घासासारखा लागतो. त्यानंतर तो आपल्या खऱ्या प्रांतात शिरतो: माकुळाचे मांस त्याच्याच आतड्यांत मुरवून केलेले शिओकारा, फुकुई भागातील तांदळाच्या कोंड्यात मुरवलेला बांगडा हेशिको आणि शेवटी फुनाझुशी. बिवा सरोवरातील निगोरोबुना हा मासा आधी मिठात व मग शिजवलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवून हा पदार्थ तयार होतो. त्याचा दर्प असा असतो की शेजारची आसने आपोआप रिकामी होतात. उपासकाचा सिद्धान्त असा की, त्या भाताला आंबवणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू आणि ‘किमोतो’ या जुन्या पद्धतीत साकेच्या विरजणाला आंबवणारे जिवाणू एकाच कुळातले, म्हणून दोघांची सोयरीक आधीच ठरलेली असते. ताकाच्या आंबटपणाशी परिचित असलेल्या मराठी जिभेला हा सिद्धान्त पटण्यास फारसे कष्ट पडू नयेत.

रात्र चढत जाते तसे बाटलीतले बुडबुडे विरतात, आणि मग उपासक उरलेली साके सुमारे ४० अंशांवर, ‘नुरुकान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोमट अवस्थेत, आणण्यास सांगतो. तासापूर्वी उष्णतेला खून ठरवणाऱ्या या गृहस्थाला ती विसंगती दाखवून दिल्यास तो विचलित होत नाही. मद्यशाळेतील उष्णता हा देहान्तदंड आणि चिरोरी या कथलाच्या पात्रातील उष्णता हे अभ्यंगस्नान, असा भेद तो शांतपणे करतो व वर फुनाझुशीचा एक काप पुढे सरकवतो. युक्तिवाद लंगडा असला तरी काप नाकारू नये, कारण कोमट साकेबरोबर तो थंड साकेपेक्षाही सरस लागतो.

ज्या वाचकांना कधी अशा उपासकाशेजारी बसण्याचा योग येईल, त्यांनी त्याच्या निवडीवर निःशंकपणे विसंबावे, स्वतः अशी बाटली घेतल्यास ती उभी व बर्फासारखी थंड ठेवावी, आणि झाकणाला हात लागण्यापूर्वी आपला कोट दुसऱ्या खुर्चीवर ठेवावा.