शेवाळाचा शेतकरी

शहापूर-मुरबाडकडे समुद्र येतो तो वाळून. मे महिन्यातल्या आठवडी बाजारात सुकट, बोंबील आणि सोड्यांचे ढीग लागतात, पावसाळ्याची बेगमी होते आणि या मुलखाचा समुद्राशी असलेला व्यवहार तिथेच मिटतो. अशा ठिकाणी कुणी घराच्या हॉलमध्ये 300 लिटरचा ओला समुद्र मांडून बसला, तर गाव त्याच्याकडे ज्या नजरेने बघायचं त्याच नजरेने बघतं. त्यातही पायऱ्या आहेत. गोल्डफिश पाळणारा हा निरुपद्रवी गृहस्थ समजला जातो. वास्तूवाल्याने सांगितलं असेल, म्हणून लोक सोडून देतात. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारा ही पुढची पायरी. आणि त्या टाकीशेजारी नळकांड्यात मुद्दाम शेवाळ वाढवणारा ही शेवटची, तिच्यापुढे जिना नाही. सगळं जग काचेवरचं शेवाळ खरवडून फेकतं. हा ते पैसे मोजून आणतो, त्याला रात्रभर दिवा लावतो आणि ते वाढलं की पेढे वाटायच्या बेतात असतो. माझं म्हणणं इतकंच, की या माणसाला आपण चुकीच्या खात्यावर मांडलं आहे. तो श्रीमंती हौसेचा बळी नाही आणि शास्त्रज्ञ तर नाहीच. तो शेतकरी आहे, आणि खताचा हिशेब त्याला बऱ्याच सातबारावाल्यांपेक्षा चांगला कळतो.

ओळखायला तो अवघड नाही. वय तिशी ते पंचेचाळीस. मुरबाडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला असेल, शाळेत विज्ञान शिकवत असेल, नाहीतर घरची जमीन रस्त्यात गेल्यामुळे हातात चार पैसे आणि रिकामा वेळ असे दोन्ही धोके एकदम आलेले असतील. रविवारी कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या बाजारातून निघून तो कसारा लोकलमध्ये बसतो तेव्हा त्याच्या मांडीवर ऑक्सिजन भरून फुगवलेली प्लास्टिकची पिशवी असते आणि तिच्यात दोन इंचांचा मासा. समोरचा विचारतो, "केवढ्याला दिला?" आकडा ऐकला की पुढचा प्रश्न ठरलेला: "आणि ह्याचं कालवण कितीकांना पुरंल?" शहापूरचा असेल तर आसनगावला उतरून त्याची सुटका होते, मुरबाडचा असेल तर रेल्वे नसल्यामुळे कल्याणला एसटी, आणि एसटीत तेच दोन प्रश्न पहिल्यापासून. घरी गेलं की तो आधी पिशवी टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवतो, मग चप्पल काढतो. त्याच्याकडे काचेच्या कुप्या, थेंब टाकायच्या बाटल्या आणि रंगांचं कार्ड असा संच असतो. कुपी खिडकीपाशी धरून, एक डोळा मिटून तो रंग जुळवतो आणि घरातल्यांना न विचारता आकडा जाहीर करतो. स्वतःची साखर वर्षातून एकदा, तीही बायकोने मागे लागल्यावर. टाकीचं फॉस्फेट मात्र आठवड्यातून दोनदा. शाळेतली पोरं बघायला येतात आणि त्यांच्या लेखी केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा प्रत्येक मासा 'निमो' असतो. पोरांनी प्रवाळ कुठे आहेत असं विचारलं की त्याचा चेहरा गंभीर होतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे 2001 साली घातले गेले, हे तो तोंडपाठ सांगतो. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. त्यामुळे सरळ माणसाच्या टाकीत मासे असतात, दगड असतात आणि त्याचं भाषण असतं.

आता त्या नळकांड्याकडे वळू. माशाला खाणं टाकलं की त्यातला काही भाग त्याच्या अंगाला लागतो, बाकीचा अमोनिया होऊन पाण्यात येतो. दगडांवरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट, आणि नेहमीच्या टाकीत गाडी इथेच अडकते. नायट्रेट साठत जातं, जोडीला खाण्यातलं फॉस्फेट, आणि मग काचेवर, दगडावर, पंपावर शेवाळ चढतं. जुना उपाय म्हणजे आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं. 300 लिटरच्या टाकीत ते 30 लिटर, आणि लिटरला 35 ग्रॅम या प्रमाणात किलोभर खास मीठ. घरातलं मीठ चालत नाही, कारण त्यात मॅग्नेशियम-कॅल्शियमचा समुद्रातला हिशेब नसतो. दुसरा उपाय असा, की शेवाळ येणारच आहे तर ते आपण सांगू तिथेच येऊ दे. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीपासून शेवाळाच्या थराकडून मत्स्यालयांचं पाणी साफ करून घ्यायची पद्धत उभी केली. पुढे हौशी लोकांनी टाकीखाली शेवाळाचा वेगळा कप्पा ठेवला आणि त्याचीच आटोपशीर आवृत्ती म्हणजे हा रिअॅक्टर: अॅक्रिलिकचा उभा नळा, त्याभोवती एलईडीची पट्टी गुंडाळलेली, आणि छोट्या पंपाने टाकीतलं पाणी त्यातून सावकाश फिरणारं. आत जे शेवाळ वाढतं त्याचं नाव कीटोमॉर्फा, लाडाने चिटो. भांडी घासायच्या तारेच्या घासणीला हिरवा रंग दिला तर जी वस्तू होईल ती ही. तिला मूळ नाही, चिकटण्याची सवय नाही, नुसती गुंतत वाढते. याच वंशाचं शेवाळ कोकणच्या खडकांवर फुकट वाढतं हे या माणसाला माहीत असतं, पण तो विषय त्याच्यासमोर काढू नये.

तर हा माणूस शेतकरी कसा? पहिला पुरावा म्हणजे तो कापणी करतो. नळा गच्च भरला की मधल्या धाग्यांना उजेड मिळत नाही, ते कुजतात आणि घेतलेलं सगळं पाण्याला परत करतात. म्हणून पंधरवड्याने निम्मं शेवाळ काढायचं, पिळायचं, वजनकाट्यावर ठेवायचं आणि वहीत लिहायचं. त्या वहीवरून हिशेब मांडून बघा. 250 ग्रॅम ओल्या शेवाळात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी धरू. उरलेल्या 25 ग्रॅममध्ये नायट्रोजन दोन-तीन टक्के धरला तर तो अर्धा ते पाऊण ग्रॅम. नायट्रेटच्या मापात ते सव्वादोन ते सव्वातीन ग्रॅम, म्हणजे 300 लिटरच्या टाकीतून 7 ते 11 पीपीएम नायट्रेट एका मुठीत बाहेर गेलं. उलट 20 पीपीएम नायट्रेट असलेल्या टाकीत दहा टक्के पाणी बदललं की आकडा 18वर येतो. गेलं किती, तर दोन. एका कापणीत चार-पाच वेळच्या पाणीबदलाचं काम. भात कापून नेलं की जमिनीतलं खत धान्याबरोबर आणि पेंढ्याबरोबर जातं, म्हणून पुढच्या वर्षी राब भाजायचा, युरिया-डीएपीच्या ब्रिकेट चिखलात रोवायच्या, हे ठाणे जिल्ह्यातल्या भातशेतकऱ्याला सांगावं लागत नाही. टाकीवाला तोच नियम उलट्या बाजूने वापरतो. शेतकरी पीक यावं म्हणून खत घालतो; हा खत जावं म्हणून पीक काढतो.

दुसरा पुरावा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मिळतो, आणि मला तो सगळ्यात आवडतो. 1983 साली अॅटकिन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी समुद्रातल्या मोठ्या वनस्पतींच्या रसायनाची मोजदाद मांडली. फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे साधारण 30 अणू असं ते प्रमाण निघालं. सूक्ष्म प्लवकांमध्ये ते 16च्या आसपास असतं. टाकीच्या मापात बोलायचं तर एक भाग फॉस्फेट उचलायला चिटोला सुमारे 20 भाग नायट्रेट लागतं. व्हायचं असं, की तीनेक महिन्यांत नायट्रेट शून्याला टेकतं, फॉस्फेट तसंच राहतं, शेवाळाची वाढ खुंटते, आणि शून्य नायट्रेटच्या पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाची तपकिरी बुळबुळीत ब्याद शिरायला वाव मिळतो. मग ज्याने नायट्रेट घालवण्यासाठी हजारो रुपये खर्चले तोच माणूस नायट्रेट विकत घ्यायला निघतो. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे ठिबकवाल्यांचं 'तेरा-शून्य-पंचेचाळीस'. दुकानदार सवयीने विचारतो, "कोणतं पीक, भाऊ? भेंडी?" हा घसा साफ करतो. खरं सांगावं तर हसं होतं आणि भेंडी म्हणावं तर एकरी डोस ऐकून घ्यावा लागतो. काही जण शुद्धतेच्या भीतीने प्रयोगशाळेच्या प्रतीचं मागवतात. हिशेब बदलत नाही. पुढे शेवाळ फिकट पडलं की लोह द्यायचं. पिवळी पानं बघून फेरस मारणारा शेजारी आणि हा, दोघांचं निदान एकच. फरक एवढाच, की शेजारी दुपारी शेतावर जातो आणि याचं शेत रात्री चालतं. टाकीचा दिवा बंद असताना रिअॅक्टरचा चालू ठेवतात, कारण रात्री माशांच्या आणि जिवाणूंच्या श्वासाने पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो, पीएच उतरतो आणि शेवाळ तो वायू ओढून उतार थोपवतं. त्यामुळे अशा घराची खिडकी रात्रभर जांभळी दिसते आणि आळीत तिच्याविषयी निरनिराळी मतं असतात.

आक्षेप मला माहीत आहेत, आणि पहिला तर या भागात कुणीही घ्यावा असाच आहे. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात. तानसा 1892पासून मुंबईला पाणी पाजतो आहे आणि आज मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. तिथे माशांसाठी 300 लिटर? आक्षेप टाकीवर असेल तर मी निमूट मान्य करतो. रिअॅक्टरवर असेल तर नाही. टाकीला आरओचं पाणी लागतं आणि घरगुती आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर फेकतो, म्हणजे 30 लिटरच्या पाणीबदलाला शंभरेक लिटर. एका कापणीने असे चार-पाच बदल टळत असतील तर त्या हिरव्या मुठीची किंमत 400 लिटर पाणी आहे. विजेचंही तसंच. 25 वॅटची पट्टी 12 तास जळली तर 0.3 युनिट, आरोपी ती नाहीच. मुरबाडचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो तेव्हा पाणी 26 अंशांवर ठेवणारा चिलर हा खरा आरोपी, आणि त्याची वकिली मी करणार नाही. तिसरा आक्षेप सगळ्यात शहाणा: एवढा खटाटोप करण्यापेक्षा मासे कमी ठेवा, खाणं कमी टाका. शास्त्राकडे याला उत्तर नाही. उत्तर घरात आहे, आणि ते म्हणजे आजी. समोरचा जीव काचेला तोंड लावून बघतो आहे आणि आपण त्याला उपाशी ठेवायचं, हे तिच्या तत्त्वात बसत नाही. नातू कामावर गेला की चिमूटभर खाणं जातं, जावई आला तर कौतुकाने आणखी एक चिमूट. आजीला नायट्रेट समजावून सांगण्यापेक्षा शेवाळ वाढवणं सोपं, हा निष्कर्ष व्यवहाराचा आहे आणि मी तो स्वीकारतो. चौथ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. यातले पुष्कळ मासे समुद्रातून पकडूनच येतात, आणि पाणी कितीही साफ ठेवलं तरी ते देणं फिटत नाही. क्लाउनफिशची पैदास बंदिवासात होते. ऐरोलीला राज्याच्या कांदळवन विभागाच्या केंद्रात त्यासाठी हॅचरी उभी राहिली आहे. ज्याला खाऱ्या पाण्याचीच खाज आहे त्याने तेवढ्यावर समाधान मानावं.

हा माणूस मला महत्त्वाचा वाटतो तो दुसऱ्याच कारणाने. मुरबाडकडचं पाणी घेऊन बारवी उल्हास नदीला मिळते आणि कल्याणच्या आसपास उल्हासवर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. निवेदनं दिली जातात, उपोषणं होतात, यंत्रं लावून ती काढलीही जाते. पण काढलेली जलपर्णी काठावर कुजत पडली की तिच्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस पहिल्या पावसाबरोबर नदीत परत, आणि वरून सांडपाणी येत राहिलं तर पुढच्या वर्षी पीक तितकंच जोमदार. या टाकीवाल्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. वनस्पती हा रोग नसून पाण्यात काय आलं त्याची पावती आहे, आणि ती कामी आणायची तर काढून दूर न्यावी लागते, हे त्याने स्वतःच्या हॉलमध्ये वजनकाट्यावर पाहिलेलं असतं. नदी साफ करायच्या समितीवर एखादा असा माणूस असायला हरकत नाही. सभेत तो नायट्रेटचा आकडा विचारील, तो कुणाकडे नसेल, आणि सभा लांबेल. तेवढा त्रास सोसावा.

या मंडळींना एक विनंती. नळा भरला की जादा शेवाळ मित्रांना वाटा, पण ओढ्यात किंवा खाडीत सोडू नका. गोड्या पाण्यात ते मरेल आणि जलपर्णीचं खत होईल. खाऱ्या पाण्यात जगलं तर त्याहून वाईट: 1984 साली मोनाकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कौलर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयातल्या शेवाळाचा छोटासा पट्टा सापडला होता, आणि पुढे ते भूमध्य समुद्रात मैलोन्‌मैल पसरलं. चिटो दोन पाण्यांनी धुऊन मीठ काढा, गच्चीवर वाळवा आणि खताच्या खड्ड्यात टाका.