रेस दिली की ओरडते : पिकअपमालकांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

ॲक्सिलरेटर दाबताच पिकअप ओरडू लागली, तर सर्वांत स्वस्त आणि सर्वमान्य उपचार म्हणजे केबिनमधली गाणी मोठ्याने लावणे. तो कोणत्याही गाडीला लागू पडतो, पाना लागत नाही आणि गुण लगेच येतो. दुसरा उपचार नवी लिंबू-मिरची बांधण्याचा. तिसरा, ‘डिझेल आहे, आवाज करणारच’ असे शेजारी बसलेल्याला ठणकावून सांगण्याचा. तिन्हींत अडचण एकच : आवाज झाकला जातो, पण जो भाग झिजतोय तो झिजतच राहतो. म्हणून नाइलाजाने चौथी पद्धत सांगणे आले. तिच्यात आवाज केवढा आहे हे विचारायचेच नाही. तो कोणाच्या हुकमात आहे, एवढेच विचारायचे : इंजिनाच्या, चाकांच्या की ओझ्याच्या?

प्रथम गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये रेस द्यावी. इथेच आवाज आला, तर चाके आणि डिफरन्शिअल सध्यापुरते निर्दोष सुटले. सकाळी गार इंजिनावर टक्‌टक्‌ येते आणि तापल्यावर विरते, असे असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट पाहावे. लोखंड तापून फुगते आणि फट तात्पुरती मिटते. फटीशी बहुधा काजळी सापडते. ‘तापल्यावर जातो ना आवाज, मग झाले,’ हा युक्तिवाद मोहक आहे. पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास देतो, आणि गळती केबिनजवळ असली तर तो आत शिरू शकतो. गाण्यांच्या उपचाराचा इथे काही उपयोग होत नाही. शिवाय सायलेन्सर ‘मोकळा’ करून घेणाऱ्यांनी, गाडी दमदार वाटते या सबबीबरोबरच, केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 120 तोंडपाठ ठेवावा; प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर हवाच, असे तो सांगतो.

आता जाणकार हरकत घेतील : उभ्या गाडीत इंजिनावर भार कुठे असतो? खरे आहे. टर्बोचा होज फाटला असेल तर शिट्टी, काळा धूर आणि ओढ कमी होणे ही लक्षणे चढावरच दिसतात. इंजिनाचे फाउंडेशन सैल असेल तर जोर लावताना इंजिन एका बाजूला कलते आणि एखादा पाइप चेसिसवर आपटतो. न्यूट्रलमध्ये मात्र तेच इंजिन शहाण्यासारखे बसते. म्हणून दुसरी परीक्षा मोकळ्या, सपाट रस्त्यावर घ्यावी. वेग तोच ठेवून एकदा तिसऱ्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये गाडी चालवावी. गिअरबरोबर आवाजाची पट्टी बदलली तर दोष इंजिनाकडचा. बदलली नाही तर तो गिअरबॉक्सच्या मागचा, म्हणजे शाफ्टचा, डिफरन्शिअलचा किंवा चाकांचा.

या मागच्या मुलखात थोडे गणित कामी येते. ताशी 60 किलोमीटर वेगाने पिकअपचे चाक सेकंदाला सुमारे आठ फेरे घेते. प्रोपेलर शाफ्ट त्याच्या चौपट, म्हणजे तीसएक. त्यामुळे कानाला सुटी-सुटी वाटणारी ढपढप चाकाची, आणि सलग घरघर शाफ्टची किंवा सेंटर बेअरिंगची. रेस दिल्यावरच वाढणारी आणि पाय उचलताच थांबणारी हूं-हूं डिफरन्शिअलच्या क्राउन-पिनियनकडे बोट दाखवते. क्लच सोडताना एकच ‘टक्‌’ येत असेल तर चाकांना दगड लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने पिळून पाहावा. क्रॉस झिजला असेल तर तो तिथेच कबुली देतो.

पण आपल्याकडचा खरा गुन्हेगार बहुधा पाट्यांत लपलेला असतो. नारायणगावहून वाशीला टोमॅटोचे क्रेट न्यायचे, दोन रांगा जास्त लावता याव्यात म्हणून मागे जादा पाटे बसवून घ्यायचे. ही सुधारणा मालक अभिमानाने दाखवतो. त्याने कागदावरची वहनक्षमता किलोभरही वाढत नाही. वाढते ती मागच्या भागाची उंची. रिकामी गाडी परतताना मागून उचललेली राहते, शाफ्टचा कोन बदलतो, आणि क्रॉसची रचनाच अशी की कोन जेवढा मोठा तेवढी शाफ्टची गती प्रत्येक फेऱ्यात जास्त कमीजास्त होते. त्यात रेस देताच अ‍ॅक्सल पिळला जाऊन पिनियनचे नाक वर येते. म्हणजे भरलेली गाडी गप्प आणि रिकामी ओरडते. ‘भाडे मिळवायचे तर ओझे लागणारच,’ हे मान्य; मग त्या भाड्यातूनच क्रॉस, बेअरिंग आणि यू-बोल्टचाही खर्च धरावा, नाहीतर जादा दोन रांगांचा नफा गॅरेजमध्येच जमा होतो.

शेवटचा आक्षेप असा, की मुरलेला फिटर नुसत्या कानाने दोष ओळखतो. एवढा खटाटोप कशाला? ओळखतो हे खरेच, पण तो ऐकतो ती गॅरेजच्या दारात उभी असलेली, रिकामी गाडी. चौथ्या गिअरमध्ये, चढावर, दहा क्रेट कमी असताना काय झाले, हे मालकानेच सांगावे लागते. ‘आवाज येतोय, बघ जरा’ एवढ्यावर तो सायलेन्सरपासून सुरुवात करेल आणि बिलही तिथूनच सुरू होईल. दुरुस्तीनंतर मात्र सावध राहावे. मोठा आवाज गेला की त्याखाली दडलेले लहान आवाज ऐकू येतात, आणि फिटरने नवा बिघाड केला असे वाटते. भांडायला जाण्याआधी हौद्याच्या फाळक्याच्या कड्या आवळून पाहाव्यात.