रोलवर नसलेल्यांचा स्वभाव

मानपुरच्या एका रिसॉर्टात परवा एका कारखान्याच्या तमाम कायम कर्मचाऱ्यांना आपापला स्वभाव सापडला. सकाळी पोहे-जिलेबी, नंतर भाषण, दुपारी दाल-बाफले आणि त्यावर प्रश्नावली. बाफले पोटात गेल्यावर भरलेली असल्यामुळे निम्मा हिशेब विभाग अंतर्मुख निघाला. चाचणी तीच, तुमच्या ऑफिसातही येऊन गेलेली: चार अक्षरं, सोळा खाने, आणि कुठल्याही खान्यात पडलात तरी तुम्ही गुणीच. संध्याकाळी प्रत्येकाच्या छातीवर चार अक्षरांचा बिल्ला लागला. तो आता रोज ओळखपत्राशेजारी लावायचा, म्हणजे समोरच्याला आपल्याशी कसं वागायचं ते लांबूनच कळेल.

हे सगळं कशासाठी, तर डिस्पॅचचे काका आणि स्टोअरच्या ताई यांचं पटत नाही म्हणून. त्यांचं न पटण्याचं कारण कारखान्यातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे: दोन विभागांत मिळून फोर्कलिफ्ट एक. ती स्टोअरमध्ये असली की बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवतो आणि बाहेर गेली की आत माल अडतो. पण प्रशिक्षकांना मूळ कारण सापडलं. काका ई-एस-टी-जे आहेत, ताई आय-एन-एफ-पी. काकांनी थेट मागणी न करता आधी ताईंची भावना विचारावी, असं ठरलं. सोमवारी काकांनी विचारलं, "ताई, फोर्कलिफ्ट नसल्यामुळे तुम्हाला कसं वाटतंय?" ताई म्हणाल्या, "फोर्कलिफ्ट नसल्यासारखं वाटतंय."

असो. मला बोलायचंय ते बिल्ल्यांबद्दल. बिल्ले मोजून केले होते, आणि गेटवरच्या दादाला, लोडिंगवाल्यांना, कँटीनच्या पोरांना, झाडूवाल्या मावशींना एकही मिळाला नाही. रिसॉर्टातल्या खुर्च्या याच लोडिंगवाल्यांनी मांडल्या, परदा यांनीच बांधला, आणि 'आपण सारे एक संघ' हा फलकही यांच्यातल्याच एकाने स्टुलावर चढून ठोकला. खाली उभे राहून बाकीचे डावीकडे, उजवीकडे करत होते. यांची चाचणी का नाही, असं विचारल्यावर साहेबांनी समजावलं, "भिया, वो अपने रोल पे नहीं हैं." म्हणजे ठेकेदाराच्या माणसाला स्वभाव नसतो. इंग्रजी अमलात भोवती सगळी संस्थानं आणि मधला मानपुर परगणा तेवढा थेट इंग्रजांकडे, अशी वाटणी होती. कोण कोणाच्या रोलवर, हा प्रश्न या गावाला तसा नवा नाही.

आता या शोधाचे परिणाम बघा. त्याच शेडमध्ये, त्याच पट्ट्याशेजारी वर्षानुवर्षं उभा असलेला माणूस. ठेकेदार बदलला की त्याची नोकरी नवी, त्याची ज्येष्ठता शून्य आणि आता कळतंय की स्वभावही शून्य. साहेब उशिरा आले तर ते पी, म्हणजे मोकळ्या वृत्तीचे, वेळेच्या चौकटीत न मावणारे. लोडिंगवाला उशिरा आला तर अर्धा खाडा. साहेब ओरडले तर ते टी, तर्कनिष्ठ, भावनेत न वाहणारे. लोडिंगवाला ओरडला तर उद्धट, आणि उद्यापासून दुसरा माणूस पाठवा. हिशेबातला बाबू दिवसभर कोणाशी बोलला नाही तर तो आय. त्याला एकांत हवा, त्याची खुर्ची खिडकीशी हलवा. हेल्पर दिवसभर बोलला नाही तर सुपरवायझर त्याचं तोंड हुंगून बघतो. साहेबांना तपशिलाचा कंटाळा, कारण ते एन, त्यांची नजर दूरवर. गेटवरच्या दादाची नजर जरा दूरवर गेली आणि एक ट्रक नोंद न होता आत शिरला, तर त्याचा पगार कापून झाला सुद्धा. एकाच खोडीला वरच्या मजल्यावर अक्षर मिळतं आणि खालच्या मजल्यावर दंड!

1970 च्या ठेका कामगार कायद्याने या लोकांना पिण्याचं पाणी, संडास-मुतारी, प्रथमोपचाराची पेटी देणं बंधनकारक केलं होतं. ठेकेदाराने दिलं नाही तर मूळ मालकाने द्यायचं. स्वभावाचं कलम त्यात घालायचं राहून गेलं. आणि गंमत अशी, की ही चार अक्षरांची चाचणी जन्मली तीच मुळी कामावर नव्याने आलेल्यांसाठी. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, अनेक बायका पहिल्यांदाच कारखान्यांत शिरल्या. कोणाला कुठलं काम मानवेल ते कळावं म्हणून अमेरिकेत हे प्रश्न बांधायला घेतले गेले. शेडसाठी निघालेली वस्तू वातानुकूलित खोलीत पोचली आणि तिथेच बसली. कामगारापर्यंत यायचं म्हटलं तर ती म्हणते, तुम्ही रोलवर नाही.

बरं, हे बिल्ले तरी किती टिकायचे? थोड्या आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं एखादं तरी अक्षर बदलतं, असं अभ्यासांत वारंवार दिसलंय. आमच्याकडची छत्तीस गुणांची पत्रिका निदान लग्नापर्यंत तरी बदलत नाही, आणि त्यात योनीच्या खात्यात मांजर-उंदीर आले तर भटजी तोंडावर सांगतात की जमणार नाही. इथे सगळंच जमतं. शिवाय पत्रिकेला जन्मवेळ तरी लागते. इथे तुम्हीच लिहून द्यायचं की मला गर्दी आवडत नाही, आणि संध्याकाळी शुल्क घेऊन प्रशिक्षक तुम्हाला सांगणार की तुम्हाला गर्दी आवडत नाही.

ही चाचणी नोकरीवर घेण्यासाठी, माणूस निवडण्यासाठी वापरू नका, हे ती बनवणारेच सांगतात. कारखान्याने मात्र पदोन्नतीच्या अर्जात या चार अक्षरांसाठी रकाना काढलाय, पगाराच्या रकान्याच्या वर. तो रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नाही. म्हणजे उद्या एखाद्या लोडिंगवाल्याला कायम करायचं कोणाच्या मनात आलंच, तर त्याचा अर्ज तिथेच अडेल, स्वभाव नसल्यामुळे.

तुमच्या ऑफिसात पुढची बस निघेल तेव्हा एवढंच करा. चढण्याआधी साहेबांना विचारा, गेटवरच्या दादाची जागा कुठली? जागा नाही म्हणाले तर तुमचा बिल्ला तिथेच काढून त्यांच्या हातात द्या आणि कामाला लागा. आणि काकांना जमलं तर दुसऱ्या फोर्कलिफ्टचा अर्ज पुन्हा करायला सांगा. जुनी, चालू स्थितीतली चालेल.