बारा अंकी आरोग्य

पशुधनातील संसर्गजन्य रोगांच्या नियंत्रणात सर्वांत महत्त्वाचा अवयव म्हणजे कान. जुन्या पुस्तकांत या ठिकाणी रक्त, लसिका ग्रंथी, प्लीहा असल्या गोष्टींची वर्णने आढळतात. ती आता मागे पडली आहेत. कानाच्या मधोमध, ठळक शिरा चुकवून, पक्कडीने एक पिवळा प्लास्टिकचा बिल्ला ठोकला जातो. त्यावर बारकोड असतो आणि बारा आकडे असतात. बिल्ला बसला की जनावराची नोंद होते, नोंद झाली की लसीकरणाच्या रकान्यात ते दिसू लागते, आणि रकान्यात दिसणारे जनावर आजारी पडत नाही. निदान रकान्यात तरी पडत नाही.

बिल्ल्याची कल्पना मुळात चांगली आहे. कोणत्या जनावराला कोणती लस कधी दिली, ते कुठून कुठे विकले गेले, रोग कोणत्या गोठ्यातून निघाला, हे खुणेशिवाय कळत नाही. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचे नियंत्रण करणाऱ्या २००९ च्या केंद्रीय कायद्यातही लस, मग खूण, मग दाखला असा क्रम आहे. व्यवहारात त्यात किरकोळ फेरफार झाला. खूण आधी आली, दाखला तिच्या पाठोपाठ आला, आणि लस सवडीने येणार आहे.

लस मागे का पडते, हे दोन वस्तूंच्या स्वभावावरून समजते. लाळ-खुरकुताची लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच टिकते. ती उन्हात तापली तर बिघडते आणि गोठली तरी बिघडते. कारखान्यापासून गोठ्यातल्या सुईपर्यंत तिला सतत गारवा हवा. बिल्ल्याला असले चोचले नाहीत. तो विदर्भातल्या मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत पडून राहिला तरी त्याचे बाराही आकडे शाबूत असतात. लाळ-खुरकुताच्या विषाणूचे एकूण सात प्रकार आहेत. भारतात ओ, ए आणि एशिया-१ हे तीन आढळतात, आणि एका प्रकाराची प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराविरुद्ध उपयोगी पडत नाही. बिल्ला मात्र सातही प्रकारांना सारखाच. लस टोचल्यावर शरीराला प्रतिकारशक्ती उभी करायला दोन-तीन आठवडे लागतात, पहिल्यांदा टोचलेल्या वासराला महिन्याने पुन्हा टोचावे लागते, आणि पुढे दर सहा महिन्यांनी तेच. बिल्ला एकदा ठोकला की झाले. शिवाय लस लागू पडली का, हे पाहायला रक्त काढून तपासावे लागते. बिल्ला लागला का, हे रस्त्यावरून जाताना मोटारीच्या काचेतूनही दिसते.

सुईबद्दल थोडे. एका सुईने एकच जनावर टोचावे, हे शास्त्र आहे. एका सुईने आख्खी आळी टोचावी, हा रिवाज आहे. लम्पीसारखा रोग माश्या, डास आणि गोचीड पसरवतात असे पुस्तके सांगतात. साथीच्या गावात न बदललेली सुई हे काम त्यांच्यापेक्षा नेटाने करू शकते, कारण ती दमत नाही आणि तिला प्रवासभत्ताही मिळतो. तीच गोष्ट बिल्ला ठोकणाऱ्या पक्कडीची. दहा जनावरांच्या कानांतून आरपार गेलेले तिचे टोक निर्जंतुक करायला स्पिरिटचा एक बोळा पुरतो. मात्र बोळ्यासाठी रकाना नाही.

यानंतर जनावरांच्या हालचालींवरील नियंत्रण येते. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. कारखान्याच्या तळावर ठिकठिकाणची बैलजोडी एका हौदावर पाणी पिते, एकाच वाढ्याच्या गंजीला तोंड लावते. लाळ-खुरकुताच्या विषाणूला याहून सोयीचे संमेलन भरवता येणार नाही: तो लाळेतून, चाऱ्यातून, पाण्यातून, माणसाच्या चपलेतून, गाडीच्या चाकातून आणि हवेतूनही जातो. या बैलांचा पत्ता नोंदीप्रमाणे मूळ गावचा असतो. फेरी मूळ गावी आली तेव्हा बैल तळावर, तळावर फेरी आली तेव्हा ते ‘आपल्या हद्दीतले’ नाहीत. खुरांत जखमा झालेला बैल फडात उभा राहतो, त्याच्या जागी दुसरा आणायला मुकादमाकडून उचल वाढते, आणि बिल्ला दोन्ही तालुक्यांच्या आकडेवारीत सुखरूप असतो. आठवडी बाजाराच्या फाटकावरही तपासणी कानाचीच होते. तोंड उघडून जीभ पाहायला, खुरांची बेचकी पाहायला वेळ लागतो आणि हात घाण होतात. लाळ-खुरकुताची लक्षणे दिसायला दोन दिवसांपासून दोन आठवडे लागू शकतात, लम्पीला त्याहूनही जास्त. फाटकातून आत जाणारे धडधाकट, बिल्लाधारी जनावर आत काय घेऊन चालले आहे हे कानाला माहीत नसते.

रोगनियंत्रणाची पुढची पायरी म्हणजे खबर. कोणताही साथरोग आवरायचा तर पहिले आजारी जनावर पहिल्या दिवशी कळले पाहिजे. पुढचे सगळे, म्हणजे आजारी जनावर वेगळे बांधणे, गोठा निर्जंतुक करणे, भोवतालच्या पाच किलोमीटर टापूत लस टोचणे, त्या एका निरोपावर अवलंबून आहे. कायद्याने खबर देणे बंधनकारक केले आहे. आता ज्याने खबर दिली त्याचे काय होते, ते पाहावे. त्याच्या गावचा बाजार बंद होतो. शेजारी त्याच्या बांधावरून जाणे सोडतात. दूध घेणारा हात आखडता घेतो. औषधाचा खर्च त्याचा, गेलेल्या दुधाचा तोटा त्याचा, आणि सगळ्या गावाच्या शिव्याही त्याच्याच. ज्याने तोंड मिटून दुखणाईत गाय रातोरात लांबच्या बाजारात काढली, त्याच्या पदरात मात्र रोख पैसे. त्याला पकडलेच, तर पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये. चांगल्या संकरित गाईचे तीन-चार दिवसांचे दूध! अधिकार नसताना लसीकरणाचा दाखला देणाऱ्याला पाच हजार. या दोन रकमा २००९ साली ठरवताना कोणाच्या डोळ्यांसमोर नेमके कोणते जनावर होते, याचा खुलासा कायद्यात नाही. साथ लपवण्याला फायदा आणि सांगण्याला शिक्षा अशी व्यवस्था उभारायची आणि मग शेतकरी अडाणी आहे, त्याच्यात जागृती नाही, म्हणून भिंती रंगवायच्या, ही निर्लज्ज लबाडी आहे. शेतकऱ्याला सगळे कळते. त्याला हिशेब येतो, हीच अडचण आहे.

जनावर दगावल्यावर बिल्ल्याचे खरे आयुष्य सुरू होते. गुरांच्या विम्यात एक सूत्र सर्वांना तोंडपाठ असते: टॅग नाही, तर दावा नाही. गाय मेली हे शेतकऱ्याला दिसते, गावाला दिसते, गावातल्या कुत्र्यांनाही दिसते. पण ती कोण होती हे फक्त कान सांगू शकतो. म्हणून मृत जनावराचा फोटो कानासकट काढायचा, बिल्ल्याचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि मग तो बिल्ला काढून कागदपत्रांना जोडायचा. यात गाईने जिवंतपणी थोडे सहकार्य करावे अशी अपेक्षा असते. तिने बाभळीच्या काटवणात शिरू नये. दावणीच्या खुंटाला कान घासू नये. बिल्ल्याच्या जखमेत माशी बसून किडे पडले तरी डोके झटकू नये. म्हशीने डुंबताना कान पाण्याच्या वर धरावा. शेजारच्या कालवडीला चघळायची सवय असेल तर तिच्याकडे बिनबिल्ल्याचा कान करावा. एवढे करून बिल्ला पडलाच, तर तो कुठे पडला हे मरण्यापूर्वी धन्याच्या लक्षात आणून द्यावे. २०२२ च्या लम्पीच्या साथीत महाराष्ट्रात दुधाळ गाईमागे ३०,०००, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये मदत ठरली, ती गरजेची होती यात वाद नाही. पण त्या रकमांच्या जोडीला गाठी आलेली कातडी, सुजलेले पाय, तुटलेले दूध असे महिनोन्‌महिने वाचून राहिलेले जनावरही होते. ते मेले नाही, म्हणून त्याचा पंचनामा नाही. कानात बिल्ला असल्यामुळे ते लसीकृत. आणि उभे असल्यामुळे निरोगी.

कोंबड्यांच्या बाबतीत हे शास्त्र लंगडे पडते, कारण कोंबडीला बिल्ला ठोकण्याजोगा कान नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हा मोठ्या प्रमाणावर पक्षी मारून पुरावे लागले. तिथे रोग शोधला, टापू आखला, खड्डे खणले. कान नसल्याने दुसरा इलाज नव्हता.

वन्य प्राण्यांना कान आहेत, परंतु ते खोड्यात उभे राहत नाहीत. दाजीपूरच्या गव्याला बिल्ला ठोकायला कोणी पुढे आल्याचे ऐकिवात नाही. सुदैवाने त्याची गरजही नाही, कारण जंगली खूरवाल्यांचे बरेचसे रोग गावातून येतात आणि गावातच अडवता येतात. १९६८ मध्ये बुळकांडीने बंदीपूर-मुदुमलाईच्या जंगलातले गवे मारले. हे खूरवाल्यांपुरतेच नाही: २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांत अनेकांमागे कॅनाइन डिस्टेंपर हा मुळात कुत्र्यांत आढळणारा विषाणू होता. याची उलट बाजू आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत दिसली. भोवतालच्या पाळीव गुरांना बुळकांडीची लस देऊन रोग हटवल्यावर तिथले विल्डबीस्ट १९६० च्या दशकारंभीच्या सुमारे अडीच-तीन लाखांवरून १९७० च्या दशकाअखेर तेरा लाखांच्या आसपास गेले. त्यांच्यापैकी एकालाही कोणी सुई लावली नव्हती. गुरांना मात्र खरोखर लावली होती.

बुळकांडीचा उल्लेख आलाच आहे, तर तो पूर्ण करावा. हा रोग आता पृथ्वीवर नाही. भारतात १९९५ नंतर तो आढळला नाही, २००६ मध्ये देश त्यापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये जग. देवीनंतर संपूर्ण उच्चाटन झालेला हा दुसराच रोग. त्या मोहिमेच्या अखेरच्या टप्प्यात एक विचित्र काम केले गेले: लस देणे थांबवले. टोचणीने दबून रोग लपला असेल तर तो वर यावा आणि सापडावा, म्हणून. मग माणसे गावोगाव आणि गुरांच्या वाटांवर फिरून रोग शोधत राहिली. म्हणजे मोजायचे होते ते रोगाला, सुयांना नव्हे. आजच्या हिशेबाने त्या टप्प्यातले काम शून्य टक्के भरले असते आणि सर्वांना कारणे दाखवा नोटिसा निघाल्या असत्या.

सध्याच्या पद्धतीत उद्दिष्टापेक्षा साध्य जास्त भरते तेव्हा अजून जन्माला न आलेल्या वासरांनाही प्रतिकारशक्ती मिळालेली असते. लसीकरणाची पुढची फेरी गोठ्यात येईल तेव्हा पशुपालकाने दोनच गोष्टी विचाराव्यात: बाटली बर्फातून केव्हा काढली, आणि सुई नवी आहे का. उत्तर मिळाले नाही तर कान पुढे करू नये.