लिमिटचा जागल्या

लिमिटचा जागल्या ही अमरावती-अकोला पट्ट्यात गेल्या एक-दोन वर्षांत दिसू लागलेली जात आहे. वय बावीस ते पस्तीस, शिक्षण बहुधा बडनेऱ्याच्या नाहीतर कठोरा नाक्याजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, नोकरी पुण्याच्या कंपनीत आणि मुक्काम साईनगरात आईवडिलांकडे. शेतातला जागल्या रात्रभर माळ्यावर बसून रानडुकरांपासून पीक राखतो. हा राखतो कोड लिहून देणाऱ्या एआय सहायकाची लिमिट, आणि ती फस्त करणारा डुक्करही तोच असतो.

लिमिट मोजली जाते ती टोकनांवर, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांवर. क्लॉड कोडसारख्या सहायकात पहिला निरोप गेला की पाच तासांची पाळी सुरू होते. तेवढ्यात ठरलेला कोटा संपला तर पाळी उलटेपर्यंत हात बांधून बसायचं. 28 ऑगस्ट 2025 पासून त्यावर आठवड्याचीही लिमिट आली. काही गिऱ्हाईकं सहायकाला चोवीस तास जुंपून ठेवतात, काही जण एकच खातं वाटून वापरतात, अशी कारणं क्लॉडच्या कंपनीने दिली होती. पाच टक्क्यांहून कमी लोकांना त्याची झळ बसेल, असंही सांगितलं होतं. हे पाच टक्के अमरावतीतच राहतात, अशी जागल्याची पक्की समजूत आहे.

त्याचा दिवस पहाटे सहाला उजाडतो. डोळे अर्धवट मिटलेले असताना तो उशाखालचा फोन काढून सहायकाला एकच शब्द पाठवतो, ‘हाय’, आणि पुन्हा कूस वळवतो. आईला वाटतं, पोरगं उठल्याउठल्या अंबादेवीचा फोटो पाहतं. वास्तविक ती पाळी लावण्याची युक्ती आहे. काम दहाला सुरू होणार. पहिला निरोप दहाला गेला, तर पुढचा कोटा थेट तीनला. सहाला गेला, तर दहा ते अकरात पहिला अख्खा कोटा उडवता येतो, अकराला दुसरा मिळतो आणि चारला तिसरा. या हिशेबात खोट काढता येत नाही. पुढे पहाटे उठायचा कंटाळा आला की तो सहाला आपोआप ‘हाय’ पाठवणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहितो. घरात हे तंत्र नवं नाही. वडिलांच्या मोर्शीकडच्या संत्राबागेत मोटरीला ‘ऑटो’ लावलेला आहे. रात्री लाइन आली की मोटर आपली आपण सुरू होते. सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होऊन डीपी जळते, म्हणून ते ऑटो काढा असं महावितरण सांगत असतं. काढत कोणी नाही.

एरवी हा माणूस बोलका. टपरीवर गिला वडा खाताना एका प्रश्नाला अर्धा तास उत्तर देईल. सहायकाशी मात्र तो जुन्या काळच्या तारेच्या भाषेत बोलतो, आणि त्यालाही कारण आहे. सहायकाला पाठवलेल्या प्रत्येक नव्या निरोपासोबत आधीचं सगळं संभाषण पुन्हा वाचलं जातं. सकाळपासून ताणलेल्या चर्चेच्या शेवटी ‘बटण निळं कर’ एवढंच म्हटलं, तरी मागचं अख्खं भारूड हिशेबात येतं. म्हणून जाणता जागल्या एक काम संपलं की संभाषण पुसून नवं उघडतो, ‘सगळा प्रोजेक्ट बघ’ म्हणण्याऐवजी फाइलचं नाव आणि ओळ सांगतो, किरकोळ कामाला स्वस्तातलं छोटं मॉडेल जुंपतो. या तीन सवयींनी खरोखर बचत होते. बाकीच्या तीस सवयी केवळ जिवाच्या समाधानासाठी असतात.

भाषेचाही हिशेब आहे. मे 2024 मध्ये जीपीटी-4ओ आणताना ओपनएआयने एका छोट्या मजकुराचा तक्ता दिला होता. आधीच्या पद्धतीत त्या मजकुराची इंग्रजीत 27 टोकनं होत, मराठीत 96. नव्या पद्धतीत मराठी 33 वर आली, इंग्रजी 24 वर. म्हणजे तूट बरीच भरली, पण आपली भाषा अजूनही थोडी महागच पडते. जागल्या हुकूम देतो ते मोडक्या इंग्रजीत. सहायकाने तीच चूक तिसऱ्यांदा केली, तरच त्याच्या बोटांतून वऱ्हाडी उतरते. त्या वेळी तो टोकनं मोजत नाही.

त्याचा खरा दोष वेगळाच. कोटा संपण्याइतकाच तो उरण्यालाही भितो, कारण उरलेली लिमिट पुढच्या आठवड्यात जात नाही. आठवडा उलटायच्या रात्री वीसेक टक्के शिल्लक दिसली, की त्याला झोप येत नाही. मग मंडळाच्या वर्गणीचं अ‍ॅप निघतं, चुलतभावाच्या लग्नाची वेबसाइट निघते. वावर ओलं आहे, पण लाइन आहे ना, मग ओलीत करा. लिमिट किती उरली हे दाखवणारा डॅशबोर्ड बहुतेक जागल्यांनी एकदा तरी करवून घेतलेला असतो, आणि त्या आठवड्याची लिमिट तो डॅशबोर्डच खातो.

फुकटच्या योजना म्हणजे याचा पोळा. 2025 मध्ये एअरटेलने वर्षभर पर्प्लेक्सिटी प्रो दिलं, जिओने दीड वर्षासाठी जेमिनी प्रो, आणि नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो वर्षभर मोफत झालं. जागल्याने तिन्ही घेतली. एअरटेलचं सिम आईचं होतं, जिओचं आजीचं. आजीला काय मिळालं, हे आजीला अजून कळलेलं नाही. क्लॉडचा महिना 20 डॉलरचा प्लॅन मात्र तो स्वतःच्या कार्डावर घेतो. आठवड्याला एकदा 100 डॉलरच्या प्लॅनचं पान उघडतो, पाहतो, बंद करतो.

लिमिट संपल्यावरचा जागल्या प्रत्यक्ष पाहण्यासारखा असतो. लॅपटॉप उघडा, हात मांडीवर, नजर घड्याळावर. बाजूला दहा ओळींचं काम पडलेलं.

“काऊन रे, बसून राह्यला?” वडील विचारतात.

“लिमिट संपली बाबा. चार वाजता येते.”

“मंग तवरोक हातानं नाही होत?”

“होते, पन डवरा असल्यावर खुरपं कोन घेते?”

“आमची लाइन राती बाराले येते. म्हून आमी दिवसभर झोपून नाही राह्यत.”

यावर जागल्याकडे उत्तर नसतं. तो चहा मांडायला उठतो. काही जण अशा वेळी खरंच हाताने कोड लिहितात आणि काम वीस मिनिटांत उरकतात. पण ही गोष्ट ते टपरीवर सांगत नाहीत.

जागल्याची सगळ्यात मोठी रात्र महिनाअखेरची. गिटहब कोपायलट या दुसऱ्या सहायकाच्या प्रीमियम विनंत्यांवर, म्हणजे भारी मॉडेलला घातलेल्या कामांवर, 18 जून 2025 पासून लगाम आला आणि 10 डॉलरच्या प्लॅनला महिन्याला 300 विनंत्या ठरल्या. त्यांची मोजणी 1 तारखेला जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री शून्यावर येते, म्हणजे अमरावतीत पहाटे साडेपाचला. त्या वेळी घरात तो एकटाच जागा असतो. शहरात नळ एक दिवसाआड येतो. 1 तारीख नळाची असेल, तर पाणी भरायचं कामही त्याच्याचकडे असतं.