हजेरी लागली, पोरगं कुठंय?

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या पाटसच्या टोलनाक्यावर गाडी आली की काचेवरचा फास्टॅग वाचला जातो, पैसे कटतात, दांडा वर होतो. आत बसलेल्याला ताप आहे की तो रडतोय, याच्याशी यंत्राला देणंघेणं नसतं. आपल्या ऑनलाइन वर्गांनी हीच रीत उचलली आहे. लिंक उघडली, नाव दिसलं, हजेरी लागली. पडद्यावर काळे चौकोन आणि सरांचा एकच आर्त सवाल : "माझा आवाज येतोय का?" पोरांचा आवाज येतोय का, हे विचारायचं अभ्यासक्रमात नाही.

एक विषय मात्र इथं अडून बसतो. अरबी.

पाटसच्या पोराला ती शिकायची असेल, मग ते आखातातल्या नोकरीसाठी असो, मोठ्या रुग्णालयांत येणाऱ्या अरब रुग्णांचा दुभाषी व्हायला असो, नाहीतर निव्वळ हौस म्हणून असो, तर पुण्याच्या कॅम्पात पूना कॉलेजात अरबीचा विभाग आहे. पण तिथवर जायचं म्हणजे कडेठाण, केडगाव, यवत, उरुळी करत पुणं गाठायचं आणि संध्याकाळी तेवढंच उलटं. त्यापेक्षा मोबाइल बरा. अक्षरं २८, लिहायची उजवीकडून डावीकडे, त्यातही बहुतेकांचं रूप शब्दाच्या सुरुवातीला एक, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं. इथपर्यंत पीडीएफ पुरते.

पुढं घसा लागतो. 'ऐन' काढायचा तो घशाच्या आतून. 'क' दोन : एक आपला नेहमीचा, दुसरा थेट पडजिभेपाशी. हे पीडीएफला जमत नाही. शिक्षकाला एकेकाला बोलतं करावं लागतं, चूक ऐकावी लागते, पुन्हा म्हणवून घ्यावं लागतं. आणि पोरगं एकदा बोलायला लागलं की घशात अडकलेलं बाकीचंही बाहेर येतं. फी थकलीय. फोन एक, वापरणारी भावंडं दोन. घरात लग्नाचा लकडा लागलाय. रात्र रात्र झोप नाही.

म्हणजे मनःस्वास्थ्याचं काम होतं ते उच्चाराच्या तासाला. आणि त्याचं श्रेय कोणाला? रजिस्टरला! कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात एका मार्गदर्शकामागं किती विद्यार्थी, हे प्रमाण दाखवावं लागतं. कॉलेजं ते दाखवतात. विद्यार्थ्याला मात्र आपला मार्गदर्शक कोण, हे समिती यायच्या आदल्या दिवशी कळतं. शिवाय 'ताणमुक्त जीवन' या विषयावर दोन तासांचं वेबिनार होतं. कॅमेरे बंदच. शेवटी ई-प्रमाणपत्र, म्हणजे ताण गेला.

यावर हसून झालं असेल तर एक आकडा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले. राज्यांच्या यादीत आपण पहिले आलो. या निकालाचे फ्लेक्स कोणी लावले नाहीत.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. आपल्याकडं प्राध्यापकांच्याच हजारो जागा रिकाम्या. शिकवायचं काम 'तासिका तत्त्वावर' उरकलं जातं. तास संपला की मानधन संपलं. रात्री अकराला आलेला "सर, जरा बोलायचं होतं" हा मेसेज कोणत्या बिलात दाखवायचा? ज्या शिक्षकाला पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे ठाऊक नाही, त्यानं पोरांना भविष्याबद्दल निश्चिंत करायचं!

हे काम इथं पूर्वी झालंय. पाटसहून पुण्याकडं निघालं की दुसरं स्टेशन केडगाव. तिथं पंडिता रमाबाईंनी मूळ बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली. हिब्रू ही अरबीच्याच कुळातली, तीही उजवीकडून डावीकडे. नेट नव्हतं, अॅप नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत उपाशी मरायला टेकलेल्या मुलींना बाईंनी तिथल्या आपल्या मुक्ती मिशन या आश्रमात आणलं. आधी अन्न, औषध, अंथरूण. मग अक्षरं, मग छापखान्यासारखा हाताला उद्योग. त्यांनी 'वेल-बीइंग सेल' काढल्याची नोंद सापडत नाही. त्यांचं ते बायबल त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये निघालं. शंभर वर्षांत आपण प्रगती केली ती एवढीच, की क्रम उलटला : आधी परीक्षा, मग प्रमाणपत्र, आणि जेवलास का ते शेवटी, फीडबॅक फॉर्मवर.

भाषेच्या शिक्षकाला समुपदेशक करा, असं माझं म्हणणं नाही. उलट करूच नका. त्याला वर्गात मोजकी पोरं द्या, ऐकण्याच्या वेळेचेही पैसे द्या, आणि जड काही कानावर आलं तर कोणाकडं पाठवायचं ते नाव द्या. तोवर सरकारचा टेली-मानस क्रमांक १४४१६ मोबाइलमध्ये ठेवा. फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि पालकांनो, पुढच्या पालकसभेत तीनच प्रश्न विचारा. समुपदेशकाचं नाव काय? तो कोणत्या खोलीत बसतो? त्याला पगार किती? तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.