सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, म्हणे!

अर्थसल्लागार मंडळींचा एक लाडका नियम आहे. सहा महिन्यांचा खर्च कायम बाजूला काढून ठेवावा. नोकरी गेली, आजारपण आलं तर उपयोगी पडतो. नियम उत्तम आहे. तो पगारदारांसाठी केलेला आहे, एवढी बारीक बाब सोडली तर विद्यार्थ्यांना सांगायलाही हरकत नाही. हल्ली तो कॉलेजच्या सभागृहात आणि मोबाईलवरच्या रील्समध्ये सांगितलाही जातो. आम्ही तो सदाशिव पेठेत नेऊन तपासायचं ठरवलं.

पेठेतला कुठलाही स्पर्धा परीक्षावाला घ्या. लातूरकडचा असो की यवतमाळकडचा. राहतो कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या चार कॉटपैकी एक त्याची. भाडं, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स आणि चहा मिळून महिन्याला नऊ हजार धरू. सहा महिन्यांचे झाले ५४ हजार. एवढी रक्कम ज्याच्या खात्यात निवांत पडून आहे, तो चौघांत एक पंखा वाटून घ्यायला पुण्यात कशाला येईल?

पण सल्लागार हार मानत नाहीत. ते म्हणतात, बाहेरचा चहा बंद करा. केला. दिवसाचे दोन चहा, वीस रुपये, महिन्याचे सहाशे. या वेगाने ५४ हजार जमायला साडेसात वर्षं लागतात. बाविसाव्या वर्षी चहा सोडलेल्या मुलाचा निधी एकोणतिशी ओलांडताना पूर्ण होतो. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, तेव्हा घाई नाही. अडचण एकच, चहा सोडलेला मुलगा रात्री साडेअकराला राज्यघटना वाचताना जागा कसा राहणार, याचं उत्तर हिशेबात कुठेच येत नाही.

बरं, सहा महिने तरी पुरतात का? इथे आपल्या लोकसेवा आयोगाचा अनुभव विचारात घ्यायला हवा. २०२४ ची राज्यसेवा पूर्व परीक्षा आधी २८ एप्रिलला होती. ती सरकत सरकत २५ ऑगस्टवर आली. त्याच दिवशी बँकेची आयबीपीएसची परीक्षा निघाली, मुलं पुण्यात रस्त्यावर बसली आणि अवघे तीन दिवस उरले असताना राज्यसेवा पुन्हा पुढे गेली. झाली १ डिसेंबरला. या वेळी ‘पुढे ढकला’ ही मागणी मुलांचीच होती, हे मान्य. पण दोन परीक्षा एकाच दिवशी ठेवायची कल्पना मुलांची नव्हती. एप्रिलचे डिसेंबर होताना सात महिने गेले. सल्लागारांचा सहा महिन्यांचा नियम इथे एका महिन्याने नापास झाला.

त्याआधीचा विक्रम आणखी मोठा. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली पूर्व परीक्षा २१ मार्च २०२१ ला झाली. मध्ये करोना होता, आरक्षणाचा प्रश्न होता. शेवटी १४ मार्च ही तारीख पक्की वाटत असताना तीही तीन दिवस आधी रद्द झाली, मुलं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे आठवड्यानंतरची तारीख हाती पडली. टाळेबंदीत मुलं गावी गेली होती; कॉट पुण्यातच राहिली होती. आणि कॉट रिकामी असली म्हणून भाडं थांबत नाही, हे घरमालकांनी वेळोवेळी फोन करून समजावलं.

त्यामुळे आमची एक नम्र सूचना आहे. आयोगाने जाहिरातीत पदसंख्येखाली आणखी एक रकाना द्यावा: ‘परीक्षा पुढे गेल्यास उमेदवाराने जवळ बाळगायची रक्कम.’ बापाला निदान सोयाबीन विकतानाच हिशेब करता येईल.

शिष्यवृत्तीचं नाव काढू नका. ‘पडली का रे?’ हा प्रश्न वसतिगृहात पावसापेक्षा जास्त वेळा विचारला जातो. फॉर्म जुलैत भरायचा, त्रुटी दिवाळीत निघायची आणि पैसे पडेपर्यंत ज्या वर्षासाठी ते होते ते वर्ष संपायचं. त्या आशेवर मेसवाल्या काकू डबा देतात, पण ठरावीक दिवसांपर्यंतच. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, त्या दिवशी कुणाच्या खिशात किती आहे ते सगळ्या खोलीला कळतं.

तोवर आपत्कालीन निधीचं काम रूम पार्टनर करतो. ही विमा कंपनी जुनी आणि भरवशाची आहे. हप्ता नाही, कागद नाहीत. फक्त दावा महिन्याच्या दहा तारखेच्या आत करावा लागतो, कारण वीस तारखेनंतर कंपनीच दिवाळखोरीत असते. डेंग्यू मात्र तारीख बघून येत नाही. रक्ततपासणी, सलाईन, गावाकडून निघालेल्या आईचं एसटीचं तिकीट, सगळं पंचवीस तारखेलाच येतं, असा पेठेचा अनुभव आहे.

म्हणून सहा महिन्यांचा नियम सल्लागारांना साभार परत करा. विद्यार्थ्याला लागतो तो एक महिन्याची मेस, एकदा दवाखाना आणि गावचं जाण्यायेण्याचं भाडं, एवढा निधी. सात-आठ हजार. चहा न सोडता, महिन्याला चार-पाचशे टाकून दीड वर्षात होतो. पोस्टाच्या आरडीत टाकू नका. शंभर रुपयांपासून सुरू होते हे खरं, पण तिची मुदत पाच वर्षं आणि अपेंडिक्सला तेवढा दम नसतो. किमान शिल्लक लागत नाही असं साधं बचत खातं उघडा. नाहीतर जमवलेलं बँकच दंडात कापून घेईल. त्या खात्याला यूपीआय जोडू नका. मोबाईलवरून जे पैसे दिसतात ते रात्री बारा वाजता बिर्याणीच्या रूपाने दारात येतात.

आणि हे खातं आहे हे रूम पार्टनरला सांगू नका. तो चांगला मुलगा आहे, पण त्यालाही मुख्य परीक्षेची टेस्ट सिरीज लावायची आहे.